साखरताईंचे ब्याऐंशी टक्के

संशोधन संस्थेत त्यांना सगळे साखरताई म्हणत. त्याचा त्यांच्या चहाशी काही संबंध नव्हता. चहाचं पुढे येईलच. नाव पडलं ते त्यांच्या बोलण्यावरून. गेली बावीस वर्षं त्या दारोदार फिरून लोकांना प्रश्न विचारत होत्या, आणि एकेका पाहणीत त्यांच्या तोंडावर दार बंद करणारी माणसं हाताच्या बोटांवर मोजता येत. संस्थेतल्या इतर पाहणीदारांना शंभर घरांमागे पंधरा-वीस नकार मिळत. साखरताईंना दोन. त्यातलाही एक बहुतेक वेळा कुत्र्याचा असे.

संस्था तशी लहान. एका जुन्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर चार खोल्या, एका भिंतीला छतापर्यंत भरलेल्या फॉर्मांचे गठ्ठे, आणि खिडकीजवळ मोठ्या बाईंचं टेबल. मोठ्या बाई म्हणजे संस्थेच्या प्रमुख. उंचीने त्या साखरताईंच्या खांद्याला लागत, पण अधिकार मोठा. लोक काय करतात, काय खातात, कशावर विश्वास ठेवतात, शेजाऱ्याशी बोलतात की नाही, असल्या गोष्टींचा अभ्यास करायचा आणि त्याचे अहवाल सरकारी कचेऱ्यांना द्यायचे, हे संस्थेचं काम. अहवाल मोठ्या बाई लिहीत. त्यासाठी पायऱ्या साखरताई चढत.

आपल्या कामाचा ताईंना भारी अभिमान होता, आणि तो अगदीच पोकळ नव्हता. यादीत प्रत्येक सातवं घर घ्यायचं म्हटलं की त्या सातवंच घर घेत. सहाव्या घरातली बाई दारात उभी राहून "अहो, मला विचारा ना, मी मोकळीच आहे," म्हणाली तरी ताई हसून पुढे जात. सातव्या घराला कुलूप असलं तर तीन वेगवेगळ्या वेळी तीन फेऱ्या मारत. जी माणसं सहज घरी सापडतात तेवढ्यांनाच विचारलं तर सगळं गाव रिकामटेकडं आहे असा निष्कर्ष निघेल, हे मोठ्या बाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलेलं वाक्य त्यांनी मनावर कोरून ठेवलं होतं. प्रश्न छापलाय तसाच वाचायचा, उत्तर सुचवायचं नाही, "हो ना?" असं शेपूट जोडायचं नाही. ताईंनी कधी जोडलं नाही.

फक्त त्या हसत. दार उघडल्याबरोबर त्यांचा चेहरा असा काही उजळायचा की समोरच्याला वाटावं, आपली हरवलेली मावशीच आली. "या ना, आत या," हे शब्द आपोआप बाहेर पडत. मग पाण्याचा पेला, मग पंखा, मग गुडघेदुखीची चौकशी, आणि मग प्रश्नावली.

संस्थेत याच्या अगदी उलटं एक माणूस होतं. त्यांना सगळे नन्ना म्हणत, कारण ज्या दारात ते जात तिथे नन्नाचा पाढा ऐकू येई. उंच, हडकुळे, कायम स्कूटरचं हेल्मेट काखेत मारलेले, आणि चेहरा असा की वीज तोडायला आले आहेत. घंटा वाजवायचे तीसुद्धा एकदाच आणि लांब. ताई त्यांना कधीकधी प्रेमाने सल्ला देत.

"नन्ना, जरा हसत जा हो."

"फॉर्ममध्ये लिहिलंय का कुठे, हसा म्हणून?" नन्ना म्हणत. हा मुद्दा बिनतोड होता, पण ताईंना त्या वेळी तो कळला नाही.

त्या वर्षी नगरपालिकेने आपल्या वस्ती दवाखान्याची पाहणी करायला सांगितली. लोक दवाखान्याच्या सेवेबद्दल किती समाधानी आहेत? खूप समाधानी, समाधानी, असमाधानी, खूप असमाधानी. चारशे घरं. नन्ना तेव्हा दुसऱ्या कामात अडकलेले, म्हणून ती सगळी घरं साखरताईंनी एकटीने केली. दीड महिना, सत्तावीस इमारती, त्यातल्या अकरा इमारतींना लिफ्ट नव्हती. हिशेब आला तेव्हा मोठ्या बाई चष्मा वर सरकवून म्हणाल्या, "ब्याऐंशी टक्के समाधानी! आणि नकार किती? पाच. चारशेत पाच! ताई, हे पुस्तकात घालण्यासारखं काम आहे."

ताई दोन दिवस जमिनीपासून दोन बोटं वर चालत होत्या.

तिसऱ्या दिवशी त्या खाली आल्या, त्या अशा. बाजारातून परत येताना चौकात त्यांना एक शिवणकाम करणारी बाई भेटली. पाहणीतल्याच घरातली. मशीनवर बसूनच तिने ताईंना उत्तरं दिली होती, आणि दवाखान्याच्या प्रश्नाला "खूप समाधानी" म्हणाली होती. आता तिच्या कडेवर तापाने मलूल झालेली नात होती आणि ती रिक्षा शोधत होती.

"अगं बाई, रिक्षा कशाला? दवाखाना तर इथेच, कोपऱ्यावर," ताई म्हणाल्या.

"तो?" शिंपीणबाईंनी दवाखान्याकडे असं पाहिलं, जसं उसवलेल्या शिलाईकडे पाहावं. "तो दोनला बंद होतो. आणि उघडा असला तरी तिथे कोण जातंय? मागच्या वेळी दोन तास बसवलं आणि उद्या या म्हणाले. आम्ही स्टेशनापलीकडच्या डॉक्टरांकडे जातो."

"पण तुम्ही तर मला खूप समाधानी म्हणून सांगितलंत!"

शिंपीणबाई जरा ओशाळल्या. नातीला एका कडेवरून दुसऱ्या कडेवर घेत म्हणाल्या, "आता काय सांगू ताई. तुम्ही एवढ्या उन्हात चार मजले चढून आलात. इतक्या गोड बोलत होतात. माझ्या गुडघ्याचंसुद्धा विचारलंत. मग तुम्हाला वाईट वाटेल असं कशाला बोलायचं? म्हटलं, बाईंना बरं वाटू दे."

रिक्षा आली, शिंपीणबाई गेल्या. साखरताई पिशवी घेऊन चौकातच उभ्या राहिल्या. पिशवीतले टोमॅटो कोथिंबिरीवर बसले होते, आणि एरवी हे त्यांच्या लक्षात आल्याशिवाय राहिलं नसतं.

घरी आल्यावर त्यांनी आपल्या मनाची समजूत घातली. एक बाई तशी निघाली म्हणून सगळ्या तशाच कशा असतील? एका उदाहरणावरून निष्कर्ष काढायचा नाही, हे त्यांनीच नव्या मुलींना दहादा सांगितलं होतं. पण मनात पाल चुकचुकली ती चुकचुकलीच. दुसऱ्या दिवशी त्या मुद्दाम दवाखान्यासमोरून गेल्या. सकाळचे अकरा वाजले होते. आतल्या लांब बाकावर दोनच माणसं होती, आणि त्यातले एक झाडूवाले होते.

ताईंच्या घरी चार माणसं. त्या, त्यांचे यजमान, सासूबाई आणि कॉलेजात शिकणारी लेक. यजमानांचं चष्म्याचं छोटं दुकान होतं, स्वतःच डोळे तपासत आणि स्वतःच काचा बसवत. माणूस शांत, आणि बायकोच्या कामाबद्दल मनातून आदर बाळगणारा, पण थट्टेची संधी कधी वाया न घालवणारा. त्या संध्याकाळी ताईंनी सगळी हकीकत सांगितली तेव्हा ते एका फ्रेमचा स्क्रू पिळत होते.

"अगं, हे तर माझ्या दुकानात रोजचंच आहे," ते म्हणाले. "नवी काच लावून गिऱ्हाइकाला विचारलं, 'आता नीट दिसतंय ना?' की दहातले आठ जण हो म्हणतात. मी एवढा खटाटोप केलेला असतो ना, मग माझं मन कसं मोडायचं! म्हणून मी दिसतंय का असं विचारतच नाही. खालून दुसरी ओळ वाचा, म्हणतो. तिथे कोणाची भीड चालत नाही. वाचता आली तर आली."

एकवीस वर्षं ताई या माणसाबरोबर संसार करत होत्या, आणि प्रश्न कसा विचारावा हे त्याला त्यांच्यापेक्षा जास्त कळत होतं, ही गोष्ट पचायला जड होती.

"म्हणजे दवाखान्याबद्दल समाधानी आहात का, असं विचारायचंच नाही?"

"ते तू ठरव. मी आपला चष्मेवाला. पण मी असतो तर विचारलं असतं, घरात शेवटचं कोण आजारी पडलं आणि त्याला कुठे नेलंत?"

ताईंनी ते वाक्य तसंच्या तसं वहीत लिहून घेतलं. पण त्यांना एक गोष्ट तपासून बघायची होती. माणसं खरंच गोड माणसासमोर गोड बोलतात का? आणि समोर कोणी नसेल तर वेगळं बोलतात का? मोठ्या पाहणीआधी लहान प्रमाणावर करून बघावं, हा तर त्यांच्या धंद्याचा नियम. लहान प्रमाण घरातच होतं.

आता चहाचं. ताई रोज सकाळी सगळ्यांना चहा देत आणि रोज विचारत, "कसा झालाय?" आणि लग्न झाल्यापासून रोज एकच उत्तर येई, "छान." सासूबाई तर कधीकधी "फार छान" म्हणत. ताईंनी बुटांचा एक खोका घेतला, झाकणाला फट पाडली, आणि तीन सारखे कागद कापून प्रत्येकावर छापील अक्षरांत लिहिलं: खूप छान, छान, बरा, नको. एकच पेन्सिल ठेवली. नाव लिहायचं नाही, फक्त खूण करायची आणि आळीपाळीने आतल्या खोलीत जाऊन खोक्यात टाकायची.

"हे काय नवीन?" सासूबाईंनी विचारलं.

"संशोधन आहे, आई."

चहा पिऊन झाल्यावर खोका उघडला. एक कागद "बरा" होता. उरलेले दोन "नको".

यजमान चष्म्याची काच पुसायला लागले. लेकीला एकदम पुस्तकात काहीतरी महत्त्वाचं सापडलं. शेवटी सासूबाईंनाच राहवलं नाही.

"हे बघ सूनबाई, मी आपली 'बरा'वर खूण केली हो."

आता उरलेले दोन कोणाचे, हे शोधायला कुठल्याही शास्त्राची गरज राहिली नाही. यजमानांनी आपल्या आईकडे अशा नजरेने पाहिलं की त्या माउलीलाही आपलं काय चुकलं ते कळलं.

"आई, तीन जणांचा नमुना फार लहान असतो हं," लेक चाचरत म्हणाली. "त्यावरून काही सिद्ध होत नाही."

"इतकी वर्षं!" ताईंच्या तोंडून एवढंच निघालं. "मेल्यांनो, इतकी वर्षं एकानेही सांगू नये?"

"अगं, तू इतक्या हौसेने विचारतेस," यजमान म्हणाले. "कप हातात द्यायच्या आधीच तुझा चेहरा खुललेला असतो. कुणाची हिंमत होणार? पाणी जरा कमी घातलंस तर..."

"आणि पत्ती जरा जास्त," सासूबाई घाईघाईने म्हणाल्या.

ताईंनी दिवसभर अबोला धरला. पण रागापेक्षा जास्त त्यांना दुसरंच काहीतरी खात होतं. घरातली तीन माणसं त्यांना दुखवायला तयार नव्हती, तर चारशे घरांतली परकी माणसं कशी तयार होणार? ते हसू, ती मायेची चौकशी, ज्यावर त्यांनी सगळी कारकीर्द उभी केली होती, त्यानेच उत्तरं गोड करून टाकली होती. फसवायला म्हणून खोटं कोणीच बोललं नव्हतं. फॉर्म एकही बनावट नव्हता. आणि तरी आकडा चूक होता.

सोमवारी त्या मोठ्या बाईंच्या टेबलासमोर उभ्या राहिल्या. अहवाल नगरपालिकेत मांडायला तीन आठवडे होते.

"बाई, दवाखान्याच्या पाहणीत चूक आहे."

"कुठली?"

"मी."

मोठ्या बाईंनी पेन खाली ठेवलं. ताईंनी शिंपीणबाई, बाकावरचे झाडूवाले, चष्म्याची खालून दुसरी ओळ, सगळं सांगितलं. चहाचं सांगायचं नव्हतं, पण तेही निघून गेलं. मोठ्या बाई हसल्या नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं, "आज तुमच्याऐवजी दुसरं कोणी त्याच घरांत गेलं तर आकडा बदलेल असं तुम्हाला वाटतं?"

"वाटतं. पण नुसतं वाटून काय उपयोग?"

"बरोबर. मग करून बघू." बाईंनी कोरा कागद ओढला. "पण एका वेळी एकच गोष्ट बदलायची. वस्ती तीच, प्रश्न तेच, दिवस तेच. फक्त विचारणारं बदलायचं. नाहीतर फरक कशामुळे पडला ते कळायचं नाही."

ठरलं ते असं. आधी न घेतलेली एकशे वीस घरं निवडायची, आणि चिठ्ठ्या टाकून त्यांचे चाळीस-चाळीसचे तीन भाग करायचे. एका भागाला साखरताई विचारणार. दुसऱ्या भागाला कोणी काही विचारणार नाही, छापलेला कागद हातात द्यायचा आणि बंद पेटी पुढे करायची, लोकांनी आत जाऊन खूण करायची. पेटी घेऊन मोठ्या बाई स्वतः फिरणार. आणि तिसऱ्या भागाला विचारायला असा माणूस हवा होता, ज्याच्यासमोर कोणालाही गोड बोलावंसं वाटणार नाही.

दोघींनी एकाच वेळी दाराकडे पाहिलं. नन्ना हेल्मेट काखेत मारून आत येत होते.

"काय झालं?" ते संशयाने म्हणाले.

चिठ्ठ्या त्याच हेल्मेटमध्ये टाकल्या. घर क्रमांकांच्या एकशे वीस घड्या, मोठ्या बाई डोळे मिटून एकेक काढत होत्या. पंधराव्या मिनिटाला नन्नांची कुरकूर सुरू झाली.

"हे पाचव्या मजल्यावरचं, बिनलिफ्टचं, माझ्या वाट्याला आलंय. ताई, तुम्ही घ्या की. तुमचे तिथे लाड होतील."

"चिठ्ठीत आलंय ते आलंय," ताई म्हणाल्या. "आपल्या सोयीने बदललं तर चिठ्ठ्या कशाला टाकल्या? बसून वाटून घेतलं असतं."

"माझे गुडघे?"

"त्यांच्याही वाट्याला चिठ्ठीनेच आलंय."

ताईंना बाईंनी एकच सूचना दिली होती: नेहमी वागता तसंच वागा. कामात सगळ्यात कठीण हेच निघालं. इतकी वर्षं आपोआप येणारं हसू आता ठरवून आणायची पाळी आली. पहिल्या दारात ताईंनी विचार केला, जरा कमी हसावं. मग वाटलं, नको, ती लबाडी होईल. मग जरा जास्तच हसल्या. दार उघडणारी म्हातारी घाबरून म्हणाली, "काही विकायचं आहे का?" तिसऱ्या-चौथ्या घरापासून मात्र सगळं सुरळीत झालं. पाण्याचे पेले आले, पंखे लागले, आणि "समाधानी, समाधानी" सुरू झालं. पूर्वी प्रत्येक "समाधानी"ने ताईंना बरं वाटायचं. आता त्या खूण करताना मनात म्हणत, अहो, बोला ना खरं. पण तोंडाने म्हणायची परवानगी नव्हती.

दुपारी एकच्या सुमारास त्या आणि नन्ना दवाखान्याच्या रिकाम्या बाकावर बसून डबा खात. बाक लांब होता आणि गर्दी मुळीच नव्हती.

"आज दोघांनी दार लावलं," नन्ना भाकरीचा तुकडा मोडत सांगत. "एकाने अर्ध्या प्रश्नात लावलं. पण एक बाई बोलली बुवा. वीस मिनिटं दवाखान्याला शिव्या दिल्या. मला वाटलं, मलाच देतेय."

"तुम्ही काय केलंत?"

"काय करणार? 'असमाधानी' की 'खूप असमाधानी' विचारलं. तर म्हणाली, यापुढचं काही नाही का?"

नऊ दिवसांत काम संपलं. मोजायला तिघंही एका टेबलाशी बसले. ताईंच्या चाळीस घरांतून चाळीस उत्तरं, त्यातली तेहतीस समाधानी. म्हणजे पुन्हा ब्याऐंशी टक्क्यांच्या आसपास, जणू ताई तो आकडा पर्समध्ये घेऊन फिरतात. नन्नांच्या चाळीसपैकी नऊ घरांनी दार लावलं. उरलेल्या एकतीसपैकी अठरा समाधानी. आणि पेटीतून सदतीस कागद परत आले, त्यात समाधानी निघाले सतरा. निम्म्याहूनही कमी.

नन्नांनी छाती जरा पुढे काढली. "म्हणजे माझं काम ताईंपेक्षा खरं."

"थांबा," मोठ्या बाई म्हणाल्या. "तुमच्या तोंडावर दार लावलं त्या नऊ जणांचं मत काय होतं, सांगा बघू?"

नन्नांची छाती मागे गेली.

"तेच तर. जे बोललेच नाहीत ते बोलणाऱ्यांसारखेच असतील असं धरता येत नाही. ताई सगळ्यांना बोलतं करतात, पण गोड बोलतं करतात. तुमच्यासमोर माणसं खरं बोलतात, पण सगळी बोलत नाहीत. तराजूचा काटा दोघांचाही कलतो, फक्त वेगळ्या बाजूला."

चष्मेवाल्यांचा प्रश्नही कागदावर घातला होता: घरात शेवटचं कोण आजारी पडलं, त्याला कुठे नेलं? पेटीतल्या सदतीसपैकी अकरा जण वस्ती दवाखान्यात गेले होते. गंमत म्हणजे, या प्रश्नाला तिन्ही भागांतली उत्तरं जवळपास सारखीच होती. साखरताईंसमोरसुद्धा लोकांनी स्टेशनापलीकडचा डॉक्टर लपवला नव्हता. मत विचारलं की भीड आडवी येते, काय केलं ते विचारलं की येत नाही, किंवा कमी येते. ताईंनी हे यजमानांना सांगायचं की नाही, यावर बराच विचार केला. सांगितलं. त्यानंतर आठवडाभर तो माणूस दुकानात शिट्टी वाजवत काच घासत होता.

कागदाच्या शेवटी एक मोकळी ओळ होती: एक गोष्ट बदलायची तर कुठली? पेटीतल्या बावीस जणांनी एकच लिहिलं होतं. वेळ. दुपारी दोनला दवाखाना बंद, आणि कामावरची माणसं घरी येणार सहाला.

नगरपालिकेतली बैठक लांबलचक टेबलाच्या खोलीत होती. मुख्य अधिकाऱ्यांना आधीचा आकडा कोणीतरी आधीच कळवलेला. नवा अहवाल बघून त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"हे सेहेचाळीस टक्के कुठून आले? आम्हाला तर ब्याऐंशी सांगितलं होतं. तो आकडा चांगला होता की. चारशे घरांचा होता. हा चाळीस घरांचा. मोठा नमुना सोडून छोटा का धरायचा?"

प्रश्न अगदीच अडाणी नव्हता. मोठ्या बाईंनी उत्तर द्यायला तोंड उघडलं, मग थांबल्या आणि ताईंकडे पाहिलं. ताईंनी हजारो माणसांना प्रश्न विचारले होते, पण त्यांना कोणी प्रश्न विचारलेला फार काळ झाला होता.

"साहेब," त्या उभ्या राहून म्हणाल्या, "चारशे घरांना एकाच बाईने विचारलं. मी. चार हजारांना विचारलं असतं तरी आकडा तोच आला असता. कारण तो दवाखान्याचा आकडाच नाही. तो माझा आहे. ब्याऐंशी टक्के लोक माझ्यावर समाधानी आहेत."

खोलीत कोणीतरी खुदकन हसलं. मग आणखी कोणीतरी. साहेबांनी हसायचं नाही असं ठरवलं होतं, पण मिशी हलली.

"आणि दवाखान्यावर?"

"ते या कागदांवर आहे. बावीस जणांनी वेळ बदला म्हणून लिहिलंय. सदतीस कागद थोडे आहेत, मान्य. नक्की किती टक्के, हे मी छातीठोक सांगणार नाही. पण तुम्ही एकदा दुपारी तिथल्या बाकावर येऊन बसा. आम्ही नऊ दिवस तिथे डबा खाल्ला. एकदाही कोणी सरकून बसा म्हणालं नाही."

निर्णय लगेच झाला नाही. कचेरीतले निर्णय कचेरीच्या चालीने होतात. आणखी दोनशे घरांतून पेटी फिरली, त्यात चोपन्न टक्के समाधानी निघाले, म्हणजे पहिली पेटीही थोडी चुकली होतीच, आणि आकडा आपल्या अठ्ठावन्नाच्या जवळ आला म्हणून नन्नांनी ती बातमी पेढा मिळाल्यासारखी ऐकली. पाच महिन्यांनी दवाखाना आठवड्यातून तीन दिवस संध्याकाळी उघडा राहायला लागला. संस्थेने चार दिवस मागितले होते.

संस्थेत काही गोष्टी बदलल्या. आता कुठल्याही पाहणीत एका वस्तीची सगळी घरं एकाच माणसाला देत नाहीत. आणि नव्या पाहणीदारांना शिकवायचं काम साखरताईंकडे आलं. पहिल्या वर्गात त्यांनी स्वतःचंच उदाहरण दिलं, तेव्हा मागच्या बाकावरून नन्ना मोठ्याने म्हणाले, "हसू नका, असं लिहून घ्या." ताईंनी त्यांना तिथल्या तिथे सुनावलं की तसंही लिहून घेऊ नका, नाहीतर सगळ्या वस्त्यांत वीज तोडायला माणसं आली असं वाटेल. मग कसं वागायचं, असं एका मुलीने विचारलं. ताई विचार करायला लागल्या. "माणसासारखं वागायचं," त्या शेवटी म्हणाल्या, "पण त्याचं उत्तर आपल्याला बक्षीस म्हणून हवंय, असं त्याला वाटू द्यायचं नाही. मला अजून जमत नाही. बघू."

आणि खरंच जमायला वेळ लागला. त्या वर्षी ताईंचे नकार शंभर घरांमागे दोनावरून अकरावर गेले. पहिल्यांदा दार आपटलं तेव्हा त्या जिन्यात क्षणभर तशाच उभ्या राहिल्या, मग फॉर्मवर नीट अक्षरात लिहिलं: नकार, सव्वादहा वाजता.

परवा त्या बसथांब्यांच्या पाहणीला गेल्या होत्या. तिसऱ्या मजल्यावर एका निवृत्त छपाई कामगाराने दार उघडलं आणि ताईंनी नाव-गाव सांगायच्या आधीच तोफ डागली. असल्या पाहण्यांचा काडीचा उपयोग नाही, पूर्वीही कोणीतरी येऊन गेलं, काय फरक पडला, थांब्याला छप्पर नाही, बस वेळेवर नाही, आणि तुमचा हा प्रश्नच मुळात चुकीचा छापलाय, एका प्रश्नात दोन प्रश्न कोंबलेत. सहा मिनिटं ते बोलत होते. ताई हसल्या नाहीत, रागावल्या नाहीत, मानही डोलावली नाही. त्यांनी शब्दन् शब्द उतरवून घेतला. पान संपलं तेव्हा मागच्या बाजूला लिहिलं.

"आणखी काही?" त्यांनी विचारलं.

गृहस्थ जरा गडबडले. इतका वेळ कोणी ऐकून घेईल याची त्यांना सवय नसावी.

"आहे," ते म्हणाले. "खूप आहे." आणि आत जाऊन खुर्ची घेऊन आले.